मोफत उपचाराची किंमत

मिरा रोड किंवा भाईंदरच्या रेल्वे स्थानकाबाहेर पहाटे साडेपाच-सहाच्या सुमारास घटकाभर उभे राहिले, तर या शहराच्या संसाराचा ताळेबंद समोर उलगडतो. चर्चगेटकडे जाणारी गाडी पकडण्यासाठी माणसांचा लोंढा स्थानकाकडे धावत असतो. त्याच वेळी पाठीवर दप्तर आणि डोळ्यांवर झोप घेऊन मुले नाक्यानाक्यावर रिक्षाची वा शाळेच्या बसची वाट पाहत उभी असतात. बाप एका दिशेला जातो, मूल दुसऱ्या दिशेला, आणि डबे भरून, दाराला कुलूप लावून आई तिसऱ्या दिशेला निघते. ही तिन्ही माणसे पुन्हा एका छताखाली येतात ती रात्री आठ-नऊच्या सुमारास. मधल्या चौदा तासांत मुलाला ताप भरला, रस्त्यावरचा कुत्रा चावला, दात ठणकू लागला किंवा फळ्यावरचे दिसेनासे झाले, तर ते कोणाच्या ध्यानात यावयाचे? आणि ध्यानात आले तरी त्याला दवाखान्यात कोणी न्यावयाचे?

अशा प्रश्नांचे एक उत्तर सभासमारंभांतून ठरलेले असते. पालकांमध्ये जागृती नाही, तेव्हा फलक लावावेत, प्रभातफेऱ्या काढाव्यात, एखादा आरोग्य सप्ताह साजरा करावा. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्याला खर्च थोडा येतो आणि दोष आपोआप दुसऱ्याच्या पदरात पडतो. पण मिरा-भाईंदरच्या बाबतीत तरी ते वस्तुस्थितीला धरून नाही. मुंबईतील भाडे झेपत नाही आणि गावी मुलांचे शिक्षण होत नाही, म्हणून या शहरात बिऱ्हाड थाटलेली असंख्य कुटुंबे आहेत. मुलाच्या शाळेची फी भरण्यासाठी ती पोटाला चिमटा काढतात, भिशीचे पैसे उचलतात. असा पालक मुलाच्या प्रकृतीविषयी बेफिकीर असेल, ही कल्पनाच विपरीत आहे. त्या घरात तुटवडा आस्थेचा नाही, माहितीचाही फारसा नाही. तुटवडा आहे तो वेळेचा. आणि मुलांच्या आरोग्यासाठी शासनाने ज्या काही व्यवस्था उभ्या केल्या आहेत, त्या दिवसा घरी असणारी आई आणि जवळची सरकारी शाळा गृहीत धरून उभारलेल्या आहेत. या शहरात या दोन्ही गोष्टी दुर्मिळ होत चालल्या आहेत.

मिठागरे, भातशेती आणि उत्तन, डोंगरीसारखी किनाऱ्यावरची गावे, असे या भागाचे स्वरूप फार जुन्या काळातील नव्हे. १९८५ साली येथील ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या घरात होती. ती २००१ मध्ये पाच लाख वीस हजारांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. पुढची जनगणना लांबणीवर पडल्याने आजचा आकडा अंदाजानेच सांगावा लागतो, पण वीस वर्षांत साडेचार पटींहून अधिक वाढलेल्या शहरात शाळा, दवाखाने आणि पाणी त्याच प्रमाणात वाढले, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. महापालिकेच्या मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती शाळा आहेत. त्यांत शिकणारी मुले मात्र शहरातील एकूण मुलांच्या मानाने थोडीच. बाकीची मुले कायम विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांत जातात. त्यांतील काही शाळा प्रशस्त आवारात आहेत, तर काही दुकानांच्या वरच्या मजल्यावर. या शाळांतील सर्वच मुले सुखवस्तू घरांतली असतात, असा समज मंत्रालयात असावा. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारा कामगारही आपले मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेतच घालतो, हे तेथे कोणी सांगितलेले दिसत नाही.

चार फेऱ्यांचा हिशेब

भटक्या कुत्र्याच्या चाव्याचेच उदाहरण घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे संशयित पिसाळलेल्या प्राण्यांनी चावलेल्या व्यक्तींपैकी सुमारे चाळीस टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. मुले उंचीने लहान असल्यामुळे चावा अनेकदा तोंडावर वा मानेवर बसतो, आणि तसा चावा अधिक धोक्याचा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्यच. उलट, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि लस वेळेवर व पूर्ण घेतली, तर हा रोग टाळता येतो. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. इथवर सारे ठीक आहे.

पण ही लस एकदा टोचून भागत नाही. कातडीत देण्याच्या पद्धतीने ती पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते, म्हणजे चार फेऱ्या. स्नायूत देण्याच्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची भर पडून पाच. जखम खोल असली तर पहिल्याच भेटीत सीरमही द्यावे लागते. आता समजा, मुलाची आई एका गाळ्यात रोजावर काम करते आणि तिचा रोज पाचशे रुपये आहे. रांगेत उभे राहून केसपेपर काढावयाचा, मग डॉक्टरांची खोली, मग इंजेक्शनची खोली. अर्धा दिवस तेथेच जातो, आणि अर्ध्या दिवसासाठी गाळ्याचा मालक कामावर घेत नाही. चार फेऱ्या म्हणजे चार खाडे, म्हणजे दोन हजार रुपये. त्यात रिक्षाचे भाडे मिळवावे. मुलाच्या शाळेचे चार दिवस बुडाले त्याचा हिशेब वेगळाच. ज्या लशीची छापील किंमत शून्य आहे, ती या घराला महिन्याच्या किराणा सामानाएवढ्या भावाने पडते.

अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात आणि तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शिकविला जातो. मात्र सार्वजनिक सेवेचा आराखडा तयार करणारे जाणकार लोक तो हिशेबातून नेमका वगळतात. मग घडते ते असे, की पहिल्या दोन मात्रा भीतीपोटी घेतल्या जातात. जखम सुकते, मूल खेळू लागते आणि अठ्ठाविसाव्या दिवसाची फेरी राहून जाते. खर्च आजचा आणि निश्चित, फायदा मात्र डोळ्यांना न दिसणारा. अशा सौद्यात माणूस कसा वागतो हे सांगावयास नको, आणि बँकेतला कारकून किंवा महाविद्यालयातला प्राध्यापक तरी दात किडल्यावर वेगळे काय करतो? फरक एवढाच की त्याची एक किरकोळ रजा खर्ची पडते, त्या बाईची चूल पणाला लागते.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या सहकार्याने अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. ज्या गावांत काहीच केले नव्हते तेथे लहान मुलांचे पूर्ण लसीकरण सहा टक्के होते. जेथे दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, गावातच, न चुकता शिबिर भरले तेथे ते अठरा टक्के झाले. आणि जेथे शिबिराबरोबर प्रत्येक खेपेला एक किलो डाळ दिली तेथे एकोणचाळीस टक्के. वृत्तपत्रांतून पुढे गाजली ती डाळ. पण डाळीच्या आधी नुसत्या नियमितपणाने आणि जवळिकीने प्रमाण तिप्पट झाले, ही बाब मागे पडली. उदयपूरच्या डोंगराळ खेड्यात आणि मिरा रोडच्या सातमजली इमारतीत वरकरणी काहीच साम्य नाही. तरीही दवाखाना उघडा असताना घरात कोणी नाही आणि घरात माणसे असताना दवाखाना बंद, ही अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. महाराष्ट्र शासनाला हे अगदीच उमगलेले नाही असे नव्हे. १ मे २०२३ रोजी राज्यभर सुरू केलेल्या ‘आपला दवाखाना’ योजनेत दुपारपासून रात्रीपर्यंतची वेळ ठेवली, ती नोकरी-धंदा करणाऱ्यांची सोय पाहूनच. सकाळची वेळ हा काही निसर्गनियम नव्हे, एवढे त्यातून मान्य झाले.

पालघरहून निघालेली योजना

भाईंदरची खाडी ओलांडून याच रेल्वेमार्गाने उत्तरेस गेले की पालघर लागते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा देशव्यापी प्रारंभ याच पालघरला झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करून जन्मजात व्यंगे, आजार, जीवनसत्त्वे व रक्त यांची कमतरता आणि वाढीतील विलंब वेळीच हुडकावयाचा, आणि पुढचे उपचार, प्रसंगी शस्त्रक्रियाही, विनामूल्य करावयाची, असा तो कार्यक्रम आहे. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जाते. हृदयाला छिद्र असलेल्या कित्येक मुलांना या योजनेने जीवदान दिले आहे, आणि तिच्याविषयी वाकडा शब्द काढण्याचे कारण नाही.

परंतु पथक ज्या शाळांत जावयाचे त्या सरकारी आणि अनुदानित. विनाअनुदानित शाळेचे फाटक त्याला बंद. बंद म्हणजे कोणी अडविते असे नव्हे, योजनेच्या कागदातच ते फाटक नाही. खेड्यात जेथे बहुतेक मुले जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात तेथे हा भेद फारसा जाणवत नाही. मिरा-भाईंदरसारख्या शहरात मात्र त्यामुळे बहुसंख्य मुलेच योजनेबाहेर राहतात. शासन म्हणते, ही मुले फी भरतात. फी भरून झाल्यावर त्या घरात दंतवैद्यासाठी काय उरते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

खाजगी शाळांत शासनाला शिरता येत नाही, हे म्हणणेही टिकणारे नाही. २७ नोव्हेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील मुलांना लस द्यावयाची होती, आणि ती सर्व प्रकारच्या शाळांत जाऊन दिली गेली. काही शाळांनी आणि पालकांनी कुरकूर केली, शंका काढल्या, पण मोहीम पार पडली. २०१५ पासून १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी देण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम चालतो, त्यातही खाजगी शाळांना सामील करून घेण्यात आले. तेव्हा जंतांसाठी जे फाटक उघडते ते डोळ्यांसाठी आणि दातांसाठी का उघडू नये, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे.

जंतांचा विषय निघाला आहे, तर केनियातील एका प्रयोगाचा उल्लेख करावयास हरकत नाही. १९९८ पासून तेथील बुसिया जिल्ह्यातील पंच्याहत्तर शाळांत एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर यांनी जंतनाशक औषधाचा परिणाम तपासला. औषध दिलेल्या शाळांत गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली आणि आसपासच्या, औषध न दिलेल्या शाळांनाही त्याचा लाभ झाला, असे त्यांनी २००४ साली मांडले. त्या आकडेमोडीवर पुढे बराच वाद झाला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. क्रेमर यांना बॅनर्जी आणि डुफ्लो यांच्यासमवेत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, म्हणून त्यांचा प्रत्येक आकडा पवित्र मानण्याचे कारण नाही. पण संसर्गजन्य रोगाच्या बाबतीत एका मुलावर केलेला खर्च त्याच्या शेजाऱ्यालाही वाचवितो, हे तत्त्व त्या वादात कोणीही नाकारलेले नाही. आणि संसर्ग अनुदानित व विनाअनुदानित असा भेद करीत नाही.

शाळेत जाऊन मुले तपासावीत, ही कल्पना परदेशातून आयात करावी लागेल अशीही नव्हे. इंग्लंडात बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले, त्यातून चौकशी झाली आणि १९०७ च्या कायद्याने शाळांतील वैद्यकीय तपासणी अनिवार्य झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ मध्ये, बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील ती पहिली मानली जाते. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. मुलाला शाळेत येण्याची सक्ती करावयाची तर त्याच्या प्रकृतीची काही जबाबदारी राज्यावर येते, हा विचार त्यामागे सुसंगतपणे दिसतो. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली देशातील शालेय आरोग्यसेवेची दुरवस्था नोंदविली. १९६० साली रेणुका रे यांच्या अध्यक्षतेखाली खास शालेय आरोग्यासाठी समिती नेमली गेली आणि तिने पुढच्याच वर्षी अहवाल दिला. शिफारशींची उणीव या देशात कधीच नव्हती.

झोप आणि सुरक्षितता

वेळेच्या तुटवड्यामुळे कोणता पेच उभा राहतो हे पाहावयाचे असेल, तर शाळेच्या वेळेचा वाद आठवावा. डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा प्रश्न जाहीरपणे मांडला. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. सहा-सात वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते, आणि आईबाप रात्री नऊला घरी येणाऱ्या घरात ते मूल दहा-साडेदहाच्या आधी झोपत नाही. ते पहाटे साडेपाचला उठले तर झोप सात तासांवर येते.

विरोध आला तो तीन बाजूंनी. दोन सत्रांत चालणाऱ्या शाळा म्हणाल्या, वर्गखोल्या तेवढ्याच आहेत, सकाळचे सत्र पुढे सरकले तर दुपारचे कोठे बसवावयाचे? बसवाले म्हणाले, एकाच बसच्या दोन-दोन फेऱ्यांचे गणित कोलमडते आणि नऊच्या गर्दीत रस्ता मिळत नाही. तिसरा विरोध पालकांचा होता आणि तो सर्वांत विचार करण्याजोगा होता. नऊची शाळा म्हणजे मूल साडेआठला घराबाहेर पडणार, आणि तोवर आई-बाप दोघेही केव्हाच गाडीत बसलेले असणार. मग त्या मुलाला जागे कोणी करावयाचे, दूध कोणी द्यावयाचे, रस्ता ओलांडून बसमध्ये कोणी बसवावयाचे? सात वर्षांच्या मुलाच्या गळ्यात किल्ली अडकवून जावयाचे काय?

म्हणजे मुलाची झोप राखावी तर सुरक्षितता जाते आणि सुरक्षितता राखावी तर झोप जाते. ज्या घरात आजी आहे, किंवा जुन्या चाळीसारखा शेजार आहे, तेथे हा पेच सुटतो. नव्या इमारतींतील बंद दारांच्या संस्कृतीत तो सुटत नाही. पुष्कळ घरांत अखेर आई नोकरी सोडते आणि शहराच्या अर्थव्यवस्थेतून एक कमावता हात कमी होतो. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. शाळा उघडण्याच्या तासभर आधी आवार उघडून, एका सेविकेच्या देखरेखीखाली मुलांना बसू देणे, वाटले तर तेथे झोपू देणे, एवढी साधी तरतूद या निर्णयाबरोबर केली असती तर निम्मा विरोध ओसरला असता. वर्गखोल्यांची अडचण उरली असती हे खरे, पण पालकांची तरी सुटली असती.

वाहतुकीच्या बाबतीतही हेच. महाराष्ट्रात शालेय बसगाड्यांसाठी २०११ साली स्वतंत्र नियम झाले. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी, बसमध्ये मदतनीस असावा, वेगाला मर्यादा असावी, असे त्यांत सांगितले आहे. नियम चांगले आहेत, आणि चांगल्या नियमांना खर्च येतो. तो बसच्या शुल्कात उतरतो. न परवडणारे घर मग रिक्षा शोधते आणि रिक्षावाले काका परवडावे म्हणून त्यात दुप्पट मुले बसवितात. काशिमिऱ्याच्या महामार्गावरून आणि घोडबंदर रस्त्यावरून अवजड वाहनांच्या शेजारून जाणाऱ्या अशा रिक्षा पाहून धस्स होते. नियम कडक करीत जावे आणि गरीब मूल अधिकाधिक असुरक्षित वाहनात ढकलले जावे, हा विरोधाभास पोलिसी कारवाईने मिटणारा नाही. महापालिकेची स्वतःची परिवहन सेवा आहे. शाळांच्या वेळा धरून तिच्या काही गाड्या, एका बाई मदतनिसासह, ठरल्या मार्गावर सोडणे अशक्य कोटीतले नाही.

बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींच्या बाबतीत जे घडले ते ऑगस्ट २०२४ मध्ये उघडकीस आले, आणि त्यानंतर राज्यात कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, सखी सावित्री समित्या यांविषयी आदेशांची सरबत्ती झाली. त्यांतील सखी सावित्री समित्यांचा आदेश २०२२ चाच होता. तो आधी पाळला गेला असता तर, हा प्रश्न येथे इतकाच सोडून द्यावा लागतो. मात्र अशा प्रसंगी मूल प्रथम काही बोलते ते घरी, आणि तेही कोणी निवांत ऐकणारे असेल तर, हे विसरता येत नाही.

खाण्याचा प्रश्न थोडक्यात. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत तेल, साखर आणि मीठ यांचा अतिरेक असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो बहुतेक फाटकांवर वडापावच्या गाडीशेजारी उभे राहून वाचावा. पण जे मूल पहाटे सहाला उपाशी निघाले, त्याची ती न्याहारी असते. गाडी हटवून न्याहारी कोठून येणार? सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांना निदान खिचडी मिळते. पाण्याचे दुखणे तर या शहराचे जुनेच आहे. सूर्या प्रकल्पातून वसई-विरार आणि मिरा-भाईंदर यांसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणण्याची योजना आखली गेली आणि त्यातील २१८ दशलक्ष लिटर मिरा-भाईंदरचे. नळ बेभरवशाचे असले की घरोघर पिंपे भरून ठेवली जातात आणि डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. शाळेतील स्वच्छतागृहात पाणी नसेल तर मोठ्या मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे शिक्षिकांना ठाऊक असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयी आढळल्या. या मुलींना आठवड्याला एक लोहाची गोळी द्यावयाची योजना आहे, आणि तीही मुख्यत्वे सरकारी व अनुदानित शाळांपुरती.

शिक्षकांच्या खांद्यावर किती

हे सारे शिक्षकांनी करावे, असा सूर लगेच निघेल. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने सुरू केलेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत नेमण्याची कल्पना आहेच. मतदारयाद्या, जनगणना, खिचडीचा हिशेब, आणि रोज नवी माहिती भरण्याचे फर्मान, एवढे झाल्यावर उरलेल्या वेळात शिक्षक शिकवितात. त्यांच्याकडून एका गोष्टीची अपेक्षा रास्त आहे. कोणते मूल डोळे बारीक करून फळ्याकडे पाहते, कोणते वर्गात झोपते, कोणाला हाक ऐकू येत नाही, हे शिक्षकाइतके कोणालाच कळत नाही. ते त्यांनी हेरावे. पुढचे काम परिचारिकेचे आहे. दहा-बारा शाळांमागे एक परिचारिका, शाळा कोणत्याही व्यवस्थापनाची असो, एवढी नेमणूक महापालिकेने केली तर तिचा खर्च रस्त्यांच्या काँक्रिटीकरणाच्या एखाद्या निविदेपुढे नजरेतही भरणार नाही. प्राथमिक शाळा आणि सार्वजनिक लसीकरण ही दोन्ही १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेची अनिवार्य कर्तव्ये ठरविली आहेत. ती एकमेकांपासून अलग ठेवावीत असे मात्र अधिनियमात कोठेही म्हटलेले नाही.

या परिचारिकेचे खरे काम तपासणीचे नव्हे, पाठपुराव्याचे. तपासणी होते, चिठ्ठी लिहिली जाते आणि दप्तराच्या तळाशी चुरगळून जाते, कारण चिठ्ठीवर सकाळची वेळ आणि दूरच्या रुग्णालयाचे नाव असते. चष्मा, दात, कान आणि लशीच्या उरलेल्या मात्रा, एवढ्या चार गोष्टी शाळेतच, किंवा रविवारी सकाळी वॉर्डातील दवाखान्यात उरकता आल्या, तर कोणाचा रोज बुडणार नाही. रविवारची पाळी करणाऱ्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना त्याचा मोबदला द्यावा लागेल, आणि तो द्यावा. आज तो खर्च टळतो असे नव्हे. तो त्या गाळ्यातल्या बाईकडून वसूल होतो.

या शहराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. येथील असंख्य कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात आणि भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिन्यांनी भाडे वाढते, बिऱ्हाड मिरा रोडहून भाईंदरला किंवा खाडीपलीकडे नायगाव-नालासोपाऱ्याला हलते, आणि पुष्कळदा मुलाची शाळा बदलते. एका शाळेत डोळे तपासले, नंबर निघाला, आणि चष्मा येईपर्यंत मूल दुसऱ्या शाळेत दाखल झालेले असते. नव्या शाळेला काहीच ठाऊक नसते. तेथे ते मागच्या बाकावर बसते आणि वर्षअखेरीस अभ्यासात मागे म्हणून त्याची नोंद होते. मुलाबरोबर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जाणारा एकच कागद असतो, शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर मुलाचे नाव, आईचे नाव, जात, जन्मतारीख, प्रगती, वर्तणूक आणि शाळा सोडण्याचे कारण यांसाठी रकाने आहेत. चष्म्याच्या नंबराला, लशीच्या राहिलेल्या मात्रेला, हृदयाच्या दुखण्याला त्यावर रकाना नाही. तो छापण्यासाठी अंदाजपत्रकात कोणतीही तरतूद लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे.